चोवीस किलोची उडी

रांगेतली आधीची मुलगी फळीवरून उतरली आणि भूकंपवाल्यांनी यंत्राची कळ हळूच दोन घरं पुढे सरकवली. यंत्राचे कान तिखट झाले. आता चिमणीएवढ्या पोराने उडी मारली तरी सुई कागदावर ऐटदार नागमोडी काढणार होती.

सरकारी प्रयोगशाळेचं दार शाळांसाठी उघडायचा हा वर्षातला एकच दिवस. भूकंपवाल्यांच्या टेबलावरचा खेळ साधाच होता. फळीवर उडी मारायची, जमीन किती हलली ते सुई पट्टीवर काढते, आणि ती पट्टी फाडून घरी न्यायची. शेजारी धूरवाल्या बाई वाफाळत्या थंडगार द्रवात फुलं बुडवून काचेसारखी फोडून दाखवत होत्या, त्यामुळे निम्मी गर्दी तिकडेच होती. भूकंपवाल्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना आज एकच उडी हवी होती, आणि ती आत्ता मारली जाणार होती. फळीशी उभी असलेली ती पाचवी ब मधली मुलगी त्यांचीच लेक होती.

बायकोशी फाटलं त्याच महिन्यात त्यांची बदली दूरच्या वेधशाळेत झाली होती. दोन वर्षांत लेकीशी रविवारचा फोन आधी दहा मिनिटांचा, मग पाचाचा, आणि पुढे नुसता ‘अभ्यास आहे’ एवढाच उरला. परत येऊन पंधरा दिवस झाले तरी तिच्या घरी कळवायचं धाडस झालं नव्हतं. शाळांच्या यादीत तिची शाळा दिसली तेव्हा त्यांनी हे टेबल स्वतःहून मागून घेतलं. पोरांच्या कलकलाटापासून चार हात लांब राहणारा माणूस तो, साहेबांना नवलच वाटलं.

कळ चोवीस किलोला लावली होती. लेकीला खांद्यावर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं, असा बदलीआधी काढलेला तो आकडा. ती आता त्यांच्या छातीला लागत होती, हे डोळ्यांना दिसत होतं. पण मोजलेल्या आकड्यापुढे डोळ्यांचं ऐकायची त्यांना सवयच नव्हती.

“सर, बूट काढायचे का?” तिने विचारलं.

सर. त्यांनी ठरवलं होतं की ती ज्या नावाने हाक मारेल त्या नावाला ओ द्यायची. ठरवणं सोपं होतं.

“नको. असू देत.”

मागून तिची मैत्रीण म्हणाली, “अगं, तुझे बाबापण असल्याच ऑफिसात आहेत ना?”

“हो. पण ते बाहेरगावी असतात.”

हे बोलताना तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. भूकंपवाले कागद सरळ करत राहिले. तीनशे मुलांनी भरलेल्या त्या दालनात त्यांना वेधशाळेतल्या रात्रींपेक्षाही एकटं वाटलं.

तिने उडी मारली. सुई सणसणत कागदाबाहेर गेली आणि कडेच्या खिळ्यावर जाऊन खाडकन आपटली.

“आई गं, केवढी जड!” रांगेतून कोणीतरी म्हणालं आणि अख्खी पाचवी ब खिदळली. “यंत्र मोडलं हिने!”

तिचे कान लाल झाले. ती फळीवरून उतरायला लागली. पट्टीवर रेघेचा नुसता तुटका शेंडा राहिला होता.

“थांब,” भूकंपवाले म्हणाले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, “चूक माझी आहे. मी यंत्र चुकीचं लावलं होतं. ही पुन्हा उडी मारणार.”

“सर, राहू द्या ना आता,” शिक्षिका घड्याळ बघत म्हणाल्या. “अजून चार टेबलं व्हायचीत.”

“बाई, एक मिनिट. अर्धवट पट्टी घेऊन मी कोणालाही घरी पाठवत नाही.”

ते गुडघ्यावर बसले. गुडघा कुरकुरला. “वजन सांग,” ते हळूच म्हणाले.

तिने मागे वळून मैत्रिणींकडे पाहिलं. मग ती वाकली, हाताचा आडोसा केला आणि तोंड त्यांच्या कानाशी नेलं. तिचा श्वास कानाला गरम लागला.

“छत्तीस. कोणाला सांगू नका.”

“नाही सांगत.”

कळ मागे आली. तिने दुसरी उडी मारली तेव्हा सुईने कागदाच्या मधोमध पूर्ण रेघ काढली, उठती, उतरती आणि शेवटी शांत होत गेलेली. त्यांनी मोजपट्टी ठेवून ती पट्टी नीट फाडली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, घडी न घालता वहीत ठेवली.

“थँक यू, सर,” ती म्हणाली आणि फुलं फुटत होती तिकडे पळाली. त्यानंतर त्यांनी एकोणीस मुलांच्या पट्ट्या फाडल्या. तेवढ्या वेळात पाचवी ब पुढच्या दालनात गेली.

दुपारी धूरवाल्या बाई नोंदवही घेऊन आल्या. सुई कागदाबाहेर गेली की ती पट्टी ऑफिसात ठेवायची, वहीत चिकटवायची आणि शेजारी कारण लिहायचं, असा नियम होता. तुटक्या शेंड्याच्या पट्टीला बाईंनी डिंक लावला.

“कारण काय लिहू? यंत्रात बिघाड?”

“यंत्र ठणठणीत आहे,” भूकंपवाले म्हणाले. “लिहा, चालवणाऱ्याकडची माहिती दोन वर्षं जुनी होती.”