घोड्यावर दोघं

"बोल तू, ऐकतोय मी," सत्यजित म्हणाला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाइप करत राहिला.

सातवीतल्या स्पृहाला उद्या वर्गासमोर धर्मयुद्धांतल्या टेम्पलर सरदारांवर रेफेराट, म्हणजे तोंडी निबंध, द्यायचा होता. बापाला तो एकदा म्हणून दाखवायचा होता, आणि बाप तासभर फोनमध्येच भांडत होता.

"आल्झो, तर आधी ते इतके गरीब होते की दोघांत एक घोडा. त्यांच्या शिक्क्यावर तसं चित्रच आहे. काम एकच, यात्रेकरूंना सांभाळायचं. मग देणग्या आल्या, किल्ले आले. पुढे जेरुसलेम हातचं गेलं, काम संपलं, पण किल्ले कुणी सोडेना. शेवटी फ्रान्सच्या राजाने पकडलं सगळ्यांना."

"का बुडाले, ते नीट सांग. मार्क तिथेच जातात."

अरुंधतीने सुरी ओट्यावर आपटली. "तिला काय शिकवतोस? परवा चतुर्थी आहे, आणि गणपती आपल्या तळघरात कुलपात!"

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमधलं हे मंडळ सत्यजित आणि हृषिकेशनेच काढलेलं. इथे मूर्ती पाण्यात सोडता येत नाही, म्हणून विसर्जन सुपारीचं, आणि फायबरची मूर्ती वर्षभर सत्यजितकडे. यंदा हृषिकेश अध्यक्ष झाला आणि सत्यजितने किल्ली द्यायची नाही असं ठरवलं. घोड्याएवढ्या दोन माणसांच्या हट्टापायी सगळ्या पोरांचा सण अडकला होता. अरुंधतीला या दोघांचा अगदी वीट आला होता.

बेल वाजली. दारात रेनकोट घातलेला हृषिकेश.

"वहिनी, मूर्ती न्यायला आलोय," सत्यजितकडे न बघता तो म्हणाला.

अरुंधतीने खुंटीवरची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. सत्यजित फोनमधून मान वर काढेना.

थोड्या वेळाने हृषिकेश घामाघूम होऊन परत आला. "एकट्याला उचलत नाही."

"नाहीच उचलणार. पुण्याहून आणली तेव्हा तरी एकट्याने कुठे उचलली होतीस?" सत्यजितने पायात चपला सरकवल्या आणि दोघं खाली गेले.

अरुंधतीने सुस्कारा सोडला आणि पुन्हा भाजी चिरायला घेतली. तेवढ्यात जिन्यातून आवाज चढले.

"पुढे मी होतो, तू मागून धर."

"दरवेळी तूच का पुढे?"

पावलं जिन्यातच थांबली. भांडण काही थांबेना.

स्पृहा पेन चावत ऐकत होती. "आई, त्या घोड्यावर पुढे कोण बसायचं?"

"त्यावरूनच बुडाले असतील," अरुंधती म्हणाली. "लिही."