शेवटची अकरा पानं

जादूची तळी आणि उडते घोडे लिहिणारा तो कादंबरीकार गेला. रोह्याच्या वाचनालयातल्या शोकसभेत मी अध्यक्ष होतो, तरी चाळीस वर्षं वर्गात सांगितलं तेच बोललो, "हे साहित्य नव्हे, पोरखेळ. माझ्या घरात याचं एक पुस्तक मी येऊ दिलं नाही."

सभेनंतर ग्रंथपाल मालूबाईंनी त्याची एक जीर्ण कादंबरी माझ्यापुढे ठेवली. शेवटची अकरा पानं फाटून गेली होती. त्यांच्या जागी हाताने लिहिलेली पानं शिवली होती.

"पेणहून दुसरी प्रत मागवून वहिनींनी उतरवली, सर. रोज दुपारी इथंच बसून. घरी न्यायची सोय नाय म्हणायच्या."

अक्षर माझ्या बायकोचं, लतिकाचंच होतं. ती गेल्यावर मी अख्खं घर धुंडाळलं, तेव्हा तिने लिहिलेलं म्हणून फक्त वाणसामानाच्या याद्या सापडल्या होत्या.