ऑर्विलचं ताट

"ही जमीन वाम्पानोआग लोकांची आहे," क्लबचा अध्यक्ष व्हिटकम कागद वाचत होता. "ती त्यांनी कधी कुणाला दिली नाही, हे आम्ही नम्रपणे आणि कृतज्ञतेने मान्य करतो."

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला जमलेल्या साठेक सभासदांनी टाळ्या वाजवल्या. त्या दालनात इथल्या मूळनिवासी वाम्पानोआगांपैकी एकटीच, पाहुणी म्हणून बोलावलेली डेल्फीन अटाक्विन. तिला उभं राहायला सांगितलं होतं. ती उभी राहिली. टाळ्या संपल्यावर बसली मात्र नाही. सरळ वाढायच्या टेबलाकडे गेली आणि सगळ्यांच्या आधी ताट भरलं. टर्की, मका, क्रॅनबेरी, आणि शिंपल्यांचं कालवण जरा जास्तच.

"वा! कडकडून भूक लागलेली दिसतेय," व्हिटकम हसला.

"माझं नाही हे. ऑर्विलचं आहे."

ऑर्विल तिचा भाऊ. एप्रिलमध्ये गेला. क्लबमागच्या किनाऱ्यावर त्याने जन्मभर शिंपल्या उकरल्या, क्लबने कुंपण घालेपर्यंत. सणाचा पहिला घास गेलेल्या माणसाचा, आणि तो राबला तिथेच नेऊन ठेवायचा, ही तिच्या घरची रीत. तेवढ्यासाठी ती आली होती. नाहीतर तो कागद ऐकायला कोण कुत्रं येतंय? सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा घोटही नव्हता.

किनाऱ्याकडच्या काचेच्या दारापाशी कामावरची पोरगी आडवी आली. "मॅडम, बीच फक्त सभासदांसाठी आहे."

"आत्ता काय वाचलं, ऐकलंस ना?"

"ऐकलं की. दरवर्षी वाचतात." पोरगी ओशाळली. "पण सोबत सभासद लागतो."

डेल्फीन वळली. "व्हिटकम, चला माझ्याबरोबर. वाळूपर्यंतच. दोन मिनिटं."

व्हिटकमने दाराबाहेर पाहिलं, मग आपल्या टेबलाकडे. बायको हातात सुरी धरून खोळंबली होती. "आत्ता? सगळं गार होईल हो, डेल्फीन. गोड खाऊन झालं की जाऊ, नक्की."

"गेलेल्याला आधी वाढतात. मागून उरलंसुरलं नाही."

"मग पुढच्या वर्षी कार्यक्रमातच घेऊ. ऑर्विलच्या नावाचा बाकसुद्धा टाकू की! बसा, जेवा तुम्ही."

साठ माणसं. कुणीही एक उठलं असतं तरी दार उघडलं असतं. डेल्फीनने एकेकाकडे पाहिलं. जिच्याकडे पाहावं ती मान ताटात जात होती. काचेपलीकडे ओहोटी लागली होती. ऑर्विलची कामाला निघायची वेळ.

ती पुढच्या दाराने बाहेर पडली. गाडीत शेजारच्या सीटवर ताट ठेवलं. उतारावर सांडू नये म्हणून त्याला पट्टा लावला. त्याच सीटवर बसून ऑर्विल पट्ट्यावरून तिच्याशी भांडायचा.

ती पोरगी धापा टाकत मागून आली. "मॅडम, ते... ताट क्लबचं आहे."

डेल्फीनने गाडी सुरू केली.

"क्लबचंच आहे, मला मान्य आहे. सांग त्यांना, दरवर्षी उभी राहून वाचून दाखवत जाईन."