साध्या बॅटरीची परीक्षा

“वीज गेल्यावर केंद्र साध्या बॅटरीवर चार तास चाललं, तर तीच घेऊ,” संपदा म्हणाली. “नाही चालली तर महागातली लिथियम. आणि मग सॉरी काका, खर्च भागवायला संध्याकाळचे प्रोग्राम कमी करावे लागतील.”

पहिली कुऱ्हाड कुणावर पडणार, हे उल्हासरावांना सांगायची गरज नव्हती. फरीदाबादच्या त्या छोट्याशा रेडिओ केंद्रावर ते रोज साडेपाच ते सहा मराठीत बोलत. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून दिवसभरात त्यांचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

“पण ऐकतं कोण?” केंद्र सांभाळणाऱ्या संपदाने विचारलं. “दहा दिवसांत एक फोन नाही. ना कौतुक, ना शिव्या.”

“आमची अलकनंदा ऐकते की! रोज. सहाच्या ठोक्याला मला फोन करते.”

ते खरंच होतं. दुपारी जेवताना उल्हासराव तिला भाषण वाचून दाखवत, तेव्हा ती आमटी वाढता वाढता नुसतं ‘हं’ म्हणे. संध्याकाळी मात्र भरभरून बोले.

बारा वाजता जयेशने मेन स्विच बंद केला. तो बोलावलं की येणारा टेक्निशियन. आता स्टुडिओ आणि गच्चीवरच्या खोलीतला ट्रान्समीटर, दोन्हींचा भार दुकानदाराने परीक्षेपुरत्या दिलेल्या बॅटरीवर होता. उल्हासराव घरी जेवून परतले, तरी त्यांचा जीव टांगणीला लागलेलाच होता.

चार वाजले. पाच वाजले. बॅटरी दमायचं नाव घेईना.

जयेशने मीटर लावून पाहिला. “अजून अर्ध्याहून जास्त भरलेली आहे. हे कसं काय?”

“स्वस्त म्हणजे वाईटच असतं का रे?” उल्हासराव म्हणाले.

साडेपाचला ते माइकसमोर बसले. विषय होता, दिल्लीच्या थंडीत कढीपत्ता कसा जगवावा. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज छान घुमत होता. जयेश मात्र टॉर्च घेऊन गच्चीवर गेला. त्याला काही चैन पडत नव्हतं.

सहाला फोन वाजला. उल्हासरावांनी मुद्दाम स्पीकर लावला.

“अहो, आज फारच छान झालं हं!” अलकनंदा म्हणाली. “कढीपत्त्याला ताक घालायचं तर मला माहीतच नव्हतं. आणि आवाज इतका स्पष्ट, शेजारच्या खोलीतून बोलताय असं वाटलं.”

उल्हासरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

“बॅटरीवर असून इतका स्पष्ट?” संपदा हसली. “चलो काका, तुम्ही जिंकलात. साधीच घेऊ.”

जयेश जिना उतरून आला. त्याच्या हातात जळका फ्यूज होता. फोनवर अलकनंदा अजून बोलतच होती, कालचंही किती छान झालं होतं ते.

“काका, बॅटरीवर फारसा भारच नव्हता,” तो म्हणाला. “ट्रान्समीटर बंद आहे. मशीनवर बंद पडल्याची तारीख दिसतेय. गेले दहा दिवस इथून एक शब्दही बाहेर गेलेला नाही.”