अकराव्या चालीचा वजीर

अकराव्या चालीला प्रितमने आपला वजीर मालतीबाईंच्या घोड्याच्या तोंडी दिला आणि भोळा चेहरा करून पंख्याकडे बघत बसला.

मालतीबाईंनी वजिराकडे पाहिलं. चष्मा काढून पदराला पुसला. मग प्रितमकडे पाहिलं.

"दिलास?"

"चुकलं, आजी. तुमच्यापुढे कुणाचं काय चालणार?"

चुकलं वगैरे काही नव्हतं. हे त्याचं तीन वर्षांचं शिक्षण होतं. जुईनगरचा हा पोरगा बेलापूरला मुलांना बुद्धिबळ शिकवायचा आणि उरलेल्या वेळात एका पोलिश मास्टरवर पुस्तक लिहायचा. ओलेव्स्की त्याचं नाव. पहिलं महायुद्ध संपल्यावर हा गृहस्थ बगलेत पट मारून घरातून निघाला, तो दुसरं सुरू होईपर्यंत गावोगाव खेळतच फिरला. एका वेळी तीस पट मांडायचा. एकोणतीस जिंकायचा आणि तिसावा हरायचा, तोही नेमका ज्या घरी जेवायचं त्या घरच्या म्हातारीशी. वहीत त्या डावापुढे वाडग्याचं चित्र काढायचा. वीस वर्षांत मोठी बक्षिसं चार, वाडगी दोनशे सोळा. माणूस उपाशी म्हणून कधी झोपला नाही.

ही सगळी गोष्ट प्रितमने मघाशी चहा पिताना स्वतःच सांगितली होती. ओलेव्स्कीचा विषय निघाला की त्याच्या जिभेला ब्रेक नसे. मालतीबाईंनी मधे एकच प्रश्न विचारला होता, "वाडग्यात काय असायचं?"

"बिटाचं सूप."

"शी."

आणि मग पट आला. कापडाचा, जुन्या लुगड्याच्या चौकोनांचा. एक हत्ती कधीच हरवलेला, त्याच्या जागी जाळ्याला लावतात ते शिशाचं वजन. मांडता मांडता मालतीबाईंनी घरचे नियम सांगितले. प्यादं एकच घर चालतं. आणि सगळं सैन्य मरून राजा एकटा उरला की त्याला मारायचं नाही. डाव तिथंच थांबतो. त्याला बुर्जी म्हणतात. ना हार, ना जीत. "पन तू कनाला घाबरतंस? तू तं मास्तर हाईस."

उन्नतीने, म्हणजे त्यांच्या नातीने, प्रितमला एवढंच सांगून ठेवलं होतं, "आजी एक डाव मांडेल. तिचं मन जिंक." मन जिंकायचं तर डाव हरायला हवा, हा हिशोब प्रितमने ओलेव्स्कीच्या भरवशावर केला होता.

मालतीबाईंनी घोड्याने वजीर उचलला, मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "आता अट ऐक. माज्याशी हरला त्याला माजी नात नाय."

प्रितमची नजर पंख्यावरून खाली पडली.

"ही... ही आत्ता सांगताय?"

"आदी सांगितली का लोकं नाटकं करतान."

खुर्चीवर बसलेले वामनराव, मालतीबाईंचे दीर, खदखदून हसले. त्यांना गावाबाहेरचा जावई नको होता. धनाजी बिल्डरचा मुलगा त्यांनी खिशात तयारच ठेवला होता. या अटीवर आधीचे दोन जण त्यांच्या डोळ्यांदेखत परत गेले होते, एक इंजिनीअर आणि एक पुण्याचा. "वयनीचा शब्द हाय," ते म्हणाले. "अख्ख्या सारसोळे गावाला म्हाईत."

दारात उभ्या उन्नतीने कपाळाला हात लावला. अट आधी फोडायची नाही, अशी आजीने तिला शपथ घातली होती.

आता प्रितम खरा खेळू लागला. घाम पुसत, ओठ चावत. पण वजीर गेलेला माणूस किती खेळणार? हत्ती गेला. उंट गेला. दुसरा हत्ती त्या शिशाच्या तुकड्याने खाल्ला. राजा पळत पळत कोपऱ्यात जाऊन बसला.

"वयनी, मात हाय!" वामनराव अर्धे उठले. "हत्ती खाली घाल, संपव!"

"दिसतंय मना." मालतीबाईंनी शांतपणे उंट उचलला आणि प्रितमचा घोडा मारला. "मी आदी जेवते, मंग हात धुते."

पुन्हा मात समोर होती. पुन्हा त्यांनी प्यादं खाल्लं. मग दुसरं. मग तिसरं. प्रितमला वाटलं, बाई आहे की कसाई? एका घावात मारून मोकळं करायचं, तर ही एकेक पीस उपटतेय. उन्नती आत निघून गेली. तिच्याच्याने बघवेना.

शेवटचं प्यादं उरलं होतं. मालतीबाईंनी तेही उचललं, मांडीवरच्या ढिगात टाकलं आणि हात झटकले.

"बुर्जी."

वामनरावांचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, पन हरला ना तो! पट साफ केलास त्याचा!"

"एकट्या राजाला मारत नाय. तुज्याच बापाचा नियम हाय, वामन्या. मंग हा हरला का?"

"...नाय."

"आनि माजी अट काय हाय?"

वामनरावांनी मोबाइल काढला, खिशात घातला, पुन्हा काढला. शेवटी चपला शोधू लागले.

"उन्नती, पान वाढ गो!" मालतीबाईंनी आत हाक मारली. "बिटाचं पानी नाय, खाडीच्या निवट्यांचं कालवन. भरपूर वाढ, पोरगा दमलाय."

प्रितम अजून त्या एकट्या राजाकडे बघत होता. "आजी, माझ्या सगळ्या डावात एक तरी चाल धड होती का हो?"

मालतीबाईंनी मांडीवरच्या ढिगातून त्याचा वजीर शोधला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"ही. अकरावी. तवाच मी हो म्हटलं व्हतं रं. मंगचा सगला डाव मी वामन्याशी खेलत व्हते."