शेवटच्या ओळीतलं झाड

कपाशीचे नवे वाण काढता काढता त्याचे केस पिकले, पण कपाशीचा हट्ट काही सुटला नाही. बोंडं लगडली की सरकीत तेल कमी, तेल वाढलं की बोंडं मोजकीच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! यंदा मात्र शेवटच्या ओळीतलं एक झाड बोंडांनी वाकलं आणि त्याची सरकीही चांगली टपोरी भरली. त्या झाडाचं एकूण एक बी त्याने पुडीत बांधलं आणि प्रयोगशाळेत मेहुण्याकडे धाडलं. तपासणीपुरतं चिमूटभर दळायचं आणि उरलेलं बी पेरायला परत पाठवायचं, ही नेहमीची रीत.

या वेळी तो फोनवर मेहुण्यावर तडकलाही होता. "दर वेळी चिमूटभर दळतोस आणि तेलाचा भलताच आकडा कळवतोस! कंजूषपणा पुरे झाला. आता चूक झालेली मला चालायची नाही!"

आठवड्याने मेहुण्याचा फोन आला. "दाजी, आधी खाली बसा. एवढं तेल आपल्याकडे आजवर एकाही कपाशीत निघालं नव्हतं!"

बसायचं सोडून तो ताडकन उठला. इतक्या वर्षांचा वैताग क्षणात उतरला. "शाब्बास रे पठ्ठ्या! उरलेलं बी आजच्या आज पाठव. इथे रान नांगरून तयार आहे."

 

"उरलेलं कुठलं, दाजी? तुम्ही एवढे खेकसलात, मग मी अख्खी पुडीच दळली."