आखाजीच्या दुसऱ्या दिवशी

"सही नंतर," वकील मॅडम म्हणाल्या. "आधी तुम्ही दोघं बाहेर बसा. मला गायत्रीताईंशी एकटीशी बोलायचंय."

ऋषिकेशदादा लगेच उठला. पंडितकाका मात्र खुर्ची सोडेनात.

"एकटीशी काय बोलायचं? घरची गोष्ट आहे. आमच्या तिन्ही बहिणींनी आखाजीच्या दुसऱ्या दिवशीच सह्या केल्या. नवी साडी नेसल्या, सही केली, घरी येऊन मांडे खाल्ले. वकील-बिकील कोणी पाह्यला नाही." मग जाता जाता गायत्रीला म्हणाले, "फटाफट निपटव व बाई. रजिस्ट्रीत लाइन लागते."

दार लागलं. शनवारा चौकातल्या रिक्षांचा गोंगाट जरा दूर गेला. गायत्रीच्या मांडीवर छोटी सायली झोपली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आल्यावर मिळालेल्या नव्या साडीचा काठ कडक होता. तो लेकीच्या गालाला टोचू नये म्हणून गायत्रीनं मधे आपला तळहात ठेवला होता.

समोरचा कागद हक्कत्यागाचा. वडील हिवाळ्यात गेले. जैनाबादची केळीची बाग आता दोघा भावंडांची, अर्धी-अर्धी. आपली अर्धी तिनं दादाच्या नावे सोडायची. न सोडणाऱ्या मुलीचं माहेर तुटतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. माहीत होतं.

आणि सोडायला तिची ना कुठं होती? सायलीच्या वेळी ती अडली, तेव्हा दादा दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला होता, उपाशी. आई गेल्यावर एकही आखाजी त्यानं तिला सासरी काढू दिली नाही. अशा भावाला एक सही काय मोठी? या कागदाबद्दल तो मात्र एक शब्द बोलला नव्हता. मागायला संकोचत असेल बिचारा, असं तिनंच धरलं होतं.

"कागद वाचला?" मॅडमनी विचारलं.

"त्यात काय वाचायचं? दादाच तर आहे."

"मग ऐका. आज सही नाही केली तर काही बिघडत नाही. वाटा तुमचाच राहतो, सही पुढंही करता येते. पण एकदा रजिस्ट्री झाली, की मागं फिरणं फार कठीण. द्यायचा तर खुशीनं द्या. भीतीनं नको." त्यांनी कागद बाजूला सरकवला. "भीती वाटते का कशाची?"

हे आजवर कोणीच विचारलं नव्हतं. गायत्रीनं सायलीला जरा जवळ घेतलं.

"पुढच्या आखाजीला मला घ्यायला कोणी आलंच नाही तर?"

मॅडम हसल्या नाहीत. "याचं उत्तर कायद्यात नाही, ताई."

सायलीनं झोपेत कूस बदलली. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी हीसुद्धा अशीच एका खुर्चीत बसेल, गायत्रीला वाटलं. अंगावर अशीच कडक साडी. दाराबाहेर कोणीतरी घाई करणारं.

तिनं पेनाचं टोपण लावलं.

"आज नाही करत सही."

बोलून गेली आणि तिची नजर दाराकडं गेली. "पण बाहेर जाऊन तुम्हीच सांगा ना, मॅडम. माझ्यानं दादाच्या तोंडाकडं पाहवणार नाही. तुम्ही त्याच्याच वकील, तुमचं ऐकेल तो."

"मी त्यांची वकील नाही. तो कागद काकांच्या वकिलानं केलाय. मी तुमची वकील."

"माझी? मी कुठं लावलं तुम्हाला?"

"तुमच्या भावानं लावलं. मागच्या आठवड्यात इथंच, याच खुर्चीत बसून म्हणाले, 'मी नको म्हटलं तर ती माझ्या मायेपोटी तिथल्या तिथं सही करून टाकेल. माझ्या बाजूनं सगळा गाव आहे, मॅडम. माझ्या बहिणीच्या बाजूनं तुम्ही बसा.'"